उंच आणि अरुंद टायर : पिकअपला २५५ घ्यावेत की सरळ २८५?

हौदेवाला | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचक आहे. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर. कंपनीतून आलेलं माप २६५/६५ आर १७, रिम साडेसात इंची. मी मधमाश्या पाळतो. एका ठिकाणचा फुलोरा संपला की पेट्या दुसरीकडे न्यायच्या, आणि न्यायच्या त्या रात्रीच, कारण दिवसा माश्या बाहेर असतात. म्हणजे अंधार, हौद्यात सोळा पेट्या, एकेक पेटी तीस-पस्तीस किलोची, आणि वाट म्हणजे लाकडाच्या ट्रकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. गेल्या महिन्यात मधला उंचवटा दोनदा मागच्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याला) घासला. दुसऱ्या वेळी गाडी पोटावरच बसली. पेट्या उतरवून गाडी हलकी केली तेव्हा निघाली. रात्री दोन वाजता खवळलेल्या माश्यांच्या सोळा पेट्या हाताने उतरवणं काय असतं, ते लिहीत नाही.

आता टायर तसेही बदलायला आलेत. एक मित्र म्हणतो २८५/७० आर १७ टाक, गाडी भक्कम दिसते. दुसरा म्हणतो २५५/८० आर १७ घे, उंच आणि अरुंद. मला दोन्हींतला फरक नीट कळत नाही. अरुंद टायर चिखलात जास्त रुतणार नाही का? आणि टाकल्यावर निगा काय ठेवायची? जाणकारांनी सांगावं.

तिरकस | सोमवार, रात्री ११.०५

रुतणारच. हत्तीचा पाय बघा आणि बकरीचा बघा. रुंद घ्या, विषय संपला.

पाना नंबर २१ | सोमवार, रात्री ११.३०

तिरकसराव, विषय आत्ता सुरू झालाय.

हौदेवाला, आधी आकडे मांडून घ्या. मापातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचात. २५५ चे ८० टक्के म्हणजे २०४ मि.मी. ते वर आणि खाली धरून ४०८, त्यात १७ इंची रिमचे ४३२ मिळवा. टायरची उंची झाली ८४० मि.मी. तसंच काढलं तर तुमचा आत्ताचा टायर ७७६, २८५/७० आर १७ निघतो ८३१ आणि २५५/७५ आर १७ निघतो ८१४. हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात बनावटीप्रमाणे पाच-दहा मि.मी. इकडेतिकडे होतात.

आता गंमत बघा. २५५/८० हा २८५/७० पेक्षा तीन सेंटिमीटर अरुंद असूनही त्याच्याहून उंच आहे. आणि तुमचं दुखणं उंचीचं आहे, रुंदीचं नाही. सस्पेन्शनची लिफ्ट किट टाकून चॅसी वर जाते, पण मागचा सलग ॲक्सल आणि त्यातलं डिफरन्शियल आहे तिथेच राहतं. ते वर उचलायचं तर मोठा टायर हाच उपाय, आणि तोही उंचीत पडलेल्या फरकाच्या निम्माच उचलतो. २५५/८० ने ३२ मि.मी. मिळतील, २८५/७० ने २७, २५५/७५ ने १९.

लो रेंज | मंगळवार, सकाळी ७.१५

पानासाहेबांनी उंचीचं सांगितलं, मी रुतण्याचं सांगतो. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

टायर जमिनीवर किती जागा व्यापतो हे त्याच्या रुंदीपेक्षा त्यातल्या हवेवर ठरतं. चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब, साधा भागाकार. समजा मागच्या एका चाकावर ७०० किलो आहेत आणि हवा ३६ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो. टेकलेली जागा झाली २८० चौ.सें.मी. हवा अर्धी करून १८ वर आणली की तीच जागा ५६० होते. साइडवॉल स्वतःच्या ताठपणावर थोडं वजन पेलते, म्हणून खरा आकडा जरा कमी भरतो, पण दिशा हीच.

आता टायर रुंद असो की अरुंद, वजन आणि हवा सारखी असेल तर जागा जवळपास सारखीच. बदलतो तो तिचा आकार. अरुंद टायरच्या नक्षीची रुंदी २० सें.मी. धरा. ३६ ला ठसा १४ सें.मी. लांब, १८ ला २८ सें.मी. लांब. नक्षी काही रुंद होत नाही, वाढायचं ते लांबीतच वाढतं. आणि ते वाढायला साइडवॉलला दबायला जागा हवी, ती उंच टायरमध्ये भरपूर असते. हवा कमी केलेला उंच टायर म्हणजे रणगाड्याच्या पट्ट्याचा लहान भाऊ.

लांब-अरुंद ठसा आखूड-रुंद ठशापेक्षा बरा का? मऊ जमिनीत पुढे जाताना टायर समोरची माती दाबत, ढकलत जातो. जेवढी रुंदी, तेवढी जास्त माती अंगावर घ्यायची. एकदा वाट पाडली की मागचा ठसा त्याच दाबलेल्या वाटेवरून चालतो. बेकर नावाच्या पोलिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर चाक आणि जमीन यांचं हे गणित मांडलं. १९७१ साली चंद्रावर चाललेल्या गाडीच्या चाकांच्या कामातही हा माणूस होता. त्याच्या समीकरणाचा सोपा अर्थ हाच, की क्षेत्रफळ तेवढंच असेल तर लांब आणि अरुंद पट्टा कमी अडतो.

म्हणून हौदेवाला, 'अरुंद टायर रुततो' हे तुम्ही हवा कमी केलीच नाही तर खरं. ३६ पीएसआयवर चिखलात घातलेला कुठलाही टायर रुततो.

तिरकस | मंगळवार, सकाळी ९.५०

गणित छान आहे. मग आइसलँडची माणसं वेडी का? तिथे बर्फावर ३८ ते ४४ इंची, भरपूर रुंद टायर घालून दोन-तीन पीएसआयवर गाड्या चालवतात. चंद्रावरच्या माणसाला विचारून सांगा.

लो रेंज | मंगळवार, सकाळी १०.२०

वेडी नाहीत, अजिबात नाहीत. तिथे खाली तळच नसतो. कित्येक फूट बर्फ, तो कापून खाली जाल तर आणखी बर्फ. अशा वेळी तरंगणं हाच एक मार्ग, आणि तरंगायला रुंदी लागते. दलदलीचंही तेच. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा : खाली तळ आहे का? वीतभर चिखलाखाली घट्ट जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून तळाला लागतो आणि पकड घेतो. पातळ, ओल्या बर्फाखाली रस्ता असेल तरी तेच. कोरड्या वाळूत दोन्ही पंथांचे लोक आपापलं खरं करून दाखवतात, आणि दोघांनीही हवा किती ठेवली होती ते बहुधा सांगत नाहीत.

लाकडाच्या ट्रकांची वाट म्हटल्यावर खाली तळ आहे. नसता तर ट्रकच गेले नसते.

तिरकस | मंगळवार, सकाळी १०.३१

हे पटलं. बकरी मागे घेतो.

मृण्मयी | मंगळवार, दुपारी २.१०

मी जुन्या पिकअपवर २३५/८५ आर १६ गेली अकरा वर्षं वापरतेय, तिसरा संच चालू आहे. वरच्या चर्चेत न आलेल्या गोष्टी सांगते.

चाकोरीत अरुंद टायरचा मोठा फायदा म्हणजे तो चाकोरीच्या आत मोकळा बसतो. रुंद टायरची कड दोन्ही भिंतींना घासत चालते, मग स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि साइडवॉल सोलून निघते. दगडांच्या मधूनही अरुंद टायर नेमका काढता येतो. बर्फात साखळी बांधायची वेळ आली तर आतल्या बाजूला तिच्यासाठी जागा उरते. मोकळ्या पाणी साचलेल्या रस्त्यावरही तो पाणी लवकर कापतो.

तोटेही ऐका. सुक्या डांबरी वळणावर गाडी थोडी डुलते, उंच साइडवॉल म्हटल्यावर ते आलंच. आणि पिकअप रिकामी असताना दहा प्लायचा ताठ टायर मागून उड्या मारतो. इथे प्लाय म्हणजे खरोखर दहा थर नव्हेत, ताकद सांगायची ती जुनी पद्धत आहे. आता भार श्रेणीचं अक्षर असतं : सी म्हणजे सहा, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. तुमचं वजन सी किंवा डीमध्ये भागत असेल तर उगाच ई घेऊ नका. पण उंच-अरुंद मापं बऱ्याचदा फक्त ईमध्येच मिळतात, ही आमची जुनीच रड आहे.

पाना नंबर २१ | मंगळवार, दुपारी ३.००

मृण्मयीताईंशी सहमत. वजनाचा विषय निघालाच आहे तर : हौदेवाला, पेट्या भरून एकदा वजनकाट्यावर जा. पूर्ण गाडीचं वजन नको, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. अंदाजाने टायर घेऊ नका. साइडवॉलवर मापानंतर जो आकडा असतो तो भार निर्देशांक. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११५ म्हणजे १२१५, १२१ म्हणजे १४५०. त्यापुढचं अक्षर वेगाचं. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आर १७०, एस १८०.

इथे बरेच लोक फसतात. मापाआधी एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला टायर साध्या टायरपेक्षा दणकट असतो हे खरं, पण तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते. दाराच्या चौकटीवरचा हवेचा स्टिकर मूळ टायरसाठी आहे. टायर बदलला की त्या कंपनीचा भार आणि हवेचा तक्ता मागून घ्या.

हौदेवाला | बुधवार, रात्री ९.२०

काटा करून आलो. सोळा पेट्या, मी, मुलगा आणि अवजारं धरून पुढे ११८०, मागे १४२० किलो. म्हणजे मागच्या चाकावर ७१०. लो रेंज यांनी ७०० धरले होते, तुम्ही माझ्या हौद्यात डोकावून गेलात काय?

आता नक्षीचं सांगा. मड टेरेन घ्यावेत असं मनात आहे.

लो रेंज | बुधवार, रात्री ९.४५

रस्त्यावर किती टक्के आणि रानात किती, प्रामाणिकपणे सांगा.

हौदेवाला | बुधवार, रात्री ९.५२

रस्ता ८०. पण उरलेले २० महत्त्वाचे!

लो रेंज | बुधवार, रात्री १०.१५

सगळे असंच म्हणतात, मीही म्हणायचो. मड टेरेन म्हणजे मोठ्या गोट्या आणि मध्ये रुंद फटी. चिखल फेकून देण्यात त्याला तोड नाही. पण ओल्या डांबरावर ब्रेक लागायला अंतर जास्त, गुणगुण कायमची, आणि हवा किंवा अलाइनमेंट जरा चुकलं की गोट्या करवतीच्या दातांसारख्या तिरप्या झिजतात. मग गुणगुणीचा घुमारा होतो आणि तो टायर संपेपर्यंत सोबत करतो. ऑल टेरेनमध्ये, म्हणजे रस्ता आणि रान दोन्हींसाठीच्या टायरमध्ये, खोल नक्षीचा, खांद्यावर उघड्या गोट्या असलेला बघा. बर्फात जात असाल तर डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलेला घ्या, ती चाचणीनंतरच मिळते. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) हे बनवणाराच स्वतः लिहितो.

धूळपाटी | गुरुवार, सकाळी ८.३०

घासण्याचं कोणी बोललंच नाही. मी २८५ टाकून हात पोळून घेतलेत.

रुंद टायर आतल्या बाजूने सस्पेन्शनच्या आर्मला लागू नये म्हणून कमी ऑफसेटची, म्हणजे चाक जास्त बाहेर काढणारी, रिम घेतली. रिम बाहेर आली तसं वळवताना चाक मोठ्या कमानीत फिरायला लागलं, आणि मागे कॅबिनच्या बुडाला, पुढे बंपरला घासलं. मग लायनर (चाकाच्या कमानीतलं अस्तर) काप, बुडाचा कोपरा ठोक. एक टायर घेतला आणि सहा कामं अंगावर आली. २५५ टायर मूळ रिमवर, मूळ ऑफसेटवर बसतो, तेव्हा उंचीपुरतंच घासेल.

तपासायची पद्धत : पुढच्या एका चाकाच्या कडेला, लायनरवर आणि कॅबिनच्या बुडावर ओल्या खडूचा जाड थर द्या. ते चाक चढाच्या फळीवर चढवा म्हणजे सस्पेन्शन दबेल. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत गाडी फूटभर पुढे, फूटभर मागे करा. मागे करताना घासणारी गाडी पुढे जाताना कधी कधी घासत नाही, म्हणून दोन्ही. खडू कुठे पुसला ते बघा. मग दुसऱ्या बाजूला तेच.

आणि स्टेपनी! नवा टायर हौद्याखाली मावतो का ते आधी फीतीने मोजा. जाडीत अरुंद टायर बसतो, व्यासात अडतो. माझी स्टेपनी दोन वर्षं हौद्यातच लोळतेय.

पाना नंबर २१ | गुरुवार, सकाळी ९.१०

उत्तम मुद्दा. गिअरिंगचंही बघा. ७७६ वरून ८४० म्हणजे आठ टक्के वाढ. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१० असेल तर गाडीला ते ३.७९ असल्यासारखं वाटेल. चढावर भरलेल्या गाडीला एक गिअर खाली घ्यावा लागेल. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८६ च्या पुढे असेल. किलोमीटरही कमी मोजले जातील, त्यामुळे गाडी अचानक जास्त तेल प्यायला लागली असं वाटतं. थोडी पितेच, पण सगळा दोष तिचा नाही. ब्रेकवरही ताण येतो, कारण वजन मध्यापासून लांब गेलं. माप बदलताना नोंदणीचे आणि विम्याचे नियम विचारून घ्या, तिथे मी शिरत नाही.

हौदेवाला | रविवार, संध्याकाळी ६.४०

मंडळी, दोन दिवस फीत घेऊन गाडीखाली पडलो होतो. हौद्याखाली स्टेपनीला ८२० मि.मी. पर्यंत जागा आहे, त्यापुढे एक्झॉस्ट. ८४० बसणार नाही. उघड्या हौद्यात स्टेपनी ठेवली तर तीन पेट्यांची जागा जाते. म्हणून २५५/७५ आर १७ ठरवला. ८१४. डिफरन्शियल १९ मि.मी. वर जाईल. गिअरिंगमध्ये पाच टक्क्यांचाच फरक. नक्षी ऑल टेरेन, भार श्रेणी सी, कारण मागे ७१० किलोला ती पुष्कळ झाली.

मित्र म्हणाला, एवढं करून दोन बोटंच? मी म्हटलं, घासलं होतं तेही दोन बोटंच.

लो रेंज | रविवार, संध्याकाळी ७.०५

एवढं वाचून सगळ्यात उंच माप न घेणारा माणूस मी या संस्थळावर पहिल्यांदा पाहिला. अभिनंदन.

हौदेवाला | पुढचा शनिवार, दुपारी १.१५

एक तक्रार. टायर घ्यायला गेलो. पाच टायर काढून ठेवले होते, बसवायला सुरुवातही झाली होती. धूळपाटींचा प्रतिसाद वाचत उभा होतो म्हणून सहज साइडवॉलकडे नजर गेली. डीओटी या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, वाचले. तीन टायर याच वर्षीचे, दोन टायर पाच वर्षांपूर्वीचे. दुकानाचं नाव लिहीत नाही. 'पडून राहिलेला टायर नवाच असतो हो' असं मलाच समजावत होते. बदलून घेतले, पण तोंड वाकडं करूनच दिले.

पाना नंबर २१ | शनिवार, दुपारी १.४०

बरं केलंत. नव्यांसाठी : त्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हा शिक्का बऱ्याचदा एकाच बाजूला पूर्ण असतो, तो आत गेला असेल तर गाडीखाली वाकून बघा.

आणि नट गनने आवळले असतील तर घरी येऊन साध्या पान्याने सैल करून टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याला पुन्हा आवळा. शंभरेक किलोमीटर झाले की परत एकदा. गनने असे आवळतात की रानात पाना आणि माणूस दोन्ही वाकतात.

मृण्मयी | शनिवार, संध्याकाळी ५.२०

आता निगा. हा माझा आवडता विषय, तेव्हा सांभाळून घ्या.

खडूची परीक्षा पहिल्याच आठवड्यात करा. नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. सपाट, कोरड्या रस्त्यावर सरळ शंभर मीटर गाडी न्या. रेघ मधूनच पुसली आणि कडेला राहिली तर हवा जास्त, कडेला पुसली आणि मध्ये राहिली तर कमी. सगळीकडे सारखी पुसली की तो आकडा लिहून ठेवा. पण तक्त्यातल्या आकड्याच्या खाली जायचं नाही. हे रिकाम्या गाडीचं एकदा आणि भरलेल्या गाडीचं एकदा. मागच्या चाकांचे दोन आकडे बरेच वेगळे येतील.

हवा मोजायची ती थंड टायरवर, सकाळी गाडी हलवण्याआधी. साडेपाच अंशांनी तापमान उतरलं की साधारण एक पीएसआय उतरतो. तापलेल्या टायरमधून 'वाढलीय' म्हणून हवा काढू नका, सकाळी ती कमी भरेल. उलट ती वाढ उपयोगाची. तासभर चालवून पुन्हा मोजा. सहा पीएसआयच्या आसपास वाढली असेल तर सकाळची हवा बरोबर होती. फारच वाढली तर टायर गरजेपेक्षा जास्त दबतोय, म्हणजे हवा कमी होती. जेमतेम दोन वाढली तर हवा जास्त होती.

रानात शिरताना माझे आकडे : खडीच्या वाटेवर २८, चाकोरी आणि दगडात २२ ते २४, चिखलात २०, वाळूत १६ ते १८. भरलेली गाडी असेल तर मागे तीन-चार जास्त. हवा कमी असताना वेगही कमी, वळणं हळू. १५ च्या खाली गेलात आणि तिरपं वळलात तर टायर रिमवरून सुटू शकतो. रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, घरी गेल्यावर नाही. हे करायचं मी स्वतः एकदाच टाळलं. साइडवॉल इतकी तापली होती की हात लावला आणि काढला.

पाचही टायर जागा बदलून फिरवा, दर ८ ते १० हजार किलोमीटरला, स्टेपनीसकट. स्टेपनी कोरी आणि बाकीचे झिजलेले असतील, तर अडचणीच्या वेळी वेगळ्या घेराचं चाक फोर बाय फोरला लावावं लागतं आणि डिफरन्शियलवर ताण येतो.

रानातून आल्यावर नक्षीतले दगड स्क्रू ड्रायव्हरने काढायचे, साइडवॉल आतल्या बाजूनेही हाताने चाचपायची. नक्षीतलं पंक्चर निघतं, साइडवॉलचं काढायचं नसतं. सुतळी खोचून घरी या, पण नंतर टायर उतरवून आतून पॅच लावून घ्या.

धूळपाटी | शनिवार, संध्याकाळी ६.०२

ताई, व्हॉल्व्हचं राहिलं. रबरी व्हॉल्व्ह काटकीने तुटतो, धातूचा नटाचा बसवा. आणि हवा लवकर निघावी म्हणून व्हॉल्व्हची पिन सोडवत असाल तर एक हात तिच्यावर ठेवा. माझी पिन गोळीसारखी गवतात गेली. मी बॅटरीच्या उजेडात गुडघ्यावर, आणि मागे टायर सुस्कारा टाकत खाली बसतोय. तेव्हापासून खिशात चार जास्तीच्या पिना असतात.

तिरकस | शनिवार, संध्याकाळी ६.१५

हसून हसून पोट दुखलं. आता आकडे वाचतो.

हौदेवाला | तीन महिन्यांनी, सोमवार, सकाळी ६.३०

धागा वर काढतोय, कारण हिशोब द्यायचा राहिला होता.

काल रात्री त्याच वाटेवर गेलो, सोळा पेट्या घेऊन. दोन दिवस पाऊस होऊन गेलेला. वाटेच्या तोंडाशी थांबलो, पुढे २२, मागे २५ केली. मुलगा गेज धरून बसला होता आणि पेट्यांमधून तो सलग घूं असा आवाज येत होता. मागच्या वेळी गाडी बसली होती तिथे चाकोरीत पाणी होतं. काठी खुपसून बघितली. वीतभर गाळ, खाली कठीण. तळ आहे! लो रेंज, तुमची आठवण काढली. फोर बाय फोरच्या लो मध्ये, दुसऱ्या गिअरला, ॲक्सिलरेटर न हलवता गाडी घातली. मधल्या उंचवट्यावरचं गवत बुडाला खरवडत गेलं, तो आवाज मला ओळखीचा, छातीत धस्स झालं. पण गवतच होतं. डिफरन्शियल टेकलं नाही. पलीकडे निघालो तेव्हा मुलगा म्हणाला, 'झालं पण?'

तक्रारी : रिकामी गाडी मागून थोडी कडक वाटते. खडूच्या परीक्षेत रिकाम्या गाडीला मागे ३२, भरलेलीला ४० आली. लायनरचा एक कोपरा मागे घेताना घासत होता, तो हेअर ड्रायरने तापवून आत दाबला, काप लागला नाही. ६ हजार किलोमीटरला पुढच्या टायरची बाहेरची कड जास्त झिजलेली दिसली. अलाइनमेंट बघितलं तर टो (चाकं समोरून आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलेला होता, जुन्या टायरांपासूनच असणार. नवे टायर टाकताना ते करून घ्यायला हवं होतं, ते आपल्या यादीतही नव्हतं.

पाना नंबर २१ | सोमवार, सकाळी ७.००

माझीच चूक, मी सांगायला हवं होतं. आता टायर पुढे-मागे फिरवून घ्या, ८ हजारांची वाट बघू नका.

मृण्मयी | सोमवार, सकाळी ७.४०

२२ आणि २५ हे वहीत लिहिलंत का? पुढच्या पावसात आठवणार नाहीत.

हौदेवाला | सोमवार, सकाळी ७.५५

लिहिले, ताई. डॅशबोर्डच्या कप्प्यात वही आहे. पानं मधाने चिकटलीत, पण आकडे वाचता येतात.